पाय वर, बॉल खाली: उतारावरच्या शॉट्सबद्दल तुमचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की गोल्फच्या या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा नूरच बदलतो. उन्हाळ्यात फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे खेळायचे पट्टे, कडक असतात, बॉल उतारावर पडला तरी घरंगळत खाली सपाटीला जाऊन थांबतो, पण जूनचे चांगले पाऊस झाले की जमीन मऊ, गवत दाट, आणि बॉल जिथे पडला तिथेच उतारावर बसून राहतो. मग रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागेवर, छान खेळणारी माणसंसुद्धा हैराण होतात. या वेळचे बहुतेक प्रश्न याच विषयावरचे होते म्हणून सगळी जागा त्यालाच देतोय. उत्तरं उजव्या हाताने खेळणारा माणूस धरून लिहिली आहेत, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

प्रश्न: सर, मी खारघरला खेळतो. रेंजवर सात नंबरचा क्लब मस्त लागतो पण कोर्सवर उतारावरून खालच्या बाजूला मारायचं असलं की एकतर बॉल टॉप होतो (क्लब त्याच्या वरच्या भागालाच लागतो) नाहीतर क्लब मागेच जमिनीत घुसतो. कॅडी म्हणतो 'वजन आगे रखो', मी ठेवतो तरी तेच. काय चुकतंय?
– एक वाचक, नवी मुंबई

कॅडीचं बरोबर आहे, फक्त अर्धं आहे. आधी हे बघा की तुमच्या दोन्ही चुका एकाच कारणाने होतायत. खालच्या बाजूला मारताना बॉलच्या मागची जमीन बॉलपेक्षा उंच असते, आणि रेंजच्या सपाट मॅटवर घोटलेला तुमचा स्विंग त्याच सपाट हिशोबाने खाली येतो, मग क्लबला बॉलच्या आधी ती मागची उंच जमीन लागणारच. तिथे रुतला की फॅट, आणि आता रुतणार असं शरीराला जाणवून तुम्ही ऐनवेळी उचललंत की टॉप. त्यात उतारावर मागे रेलायची आपल्याला जन्माची सवय, सिंहगड उतरणारा कुणीही बघा, खांदे मागे आणि वजन टाचांवर. तोल सांभाळायला ते योग्यच, पण शॉट मारताना नेमकं उलट करावं लागतं.

करायचं काय, तर क्लब दोन्ही खांद्यांवर आडवा धरा आणि डावा खांदा खाली नेत नेत तो क्लब पायाखालच्या उताराला समांतर करा. हे जमलं की वजन आपोआप डाव्या पायावर येतं, मुद्दाम ढकलावं लागत नाही. तुम्ही बहुतेक कंबर पुढे ढकलता आणि खांदे मात्र सपाटीवर असल्यासारखेच ठेवता, म्हणून कॅडीचं ऐकूनही फरक पडत नाही. पाय नेहमीपेक्षा थोडे जास्त फाकवा, आणि बॉल मधोमध न ठेवता जो पाय वर आहे त्याच्याकडे, म्हणजे इथे उजव्या पायाकडे, साधारण एक बॉलभर सरकवा.

किती सरकवायचा हे पुस्तकात शोधू नका, गवताला विचारा. बॉलपासून हातभर बाजूला, त्याच उतारावर, दोन प्रॅक्टिस स्विंग करा आणि क्लबने गवत कुठे झोडलं ते वाकून बघा. पावसाळ्यात तर हे अगदी स्पष्ट दिसतं, ओल्या पात्यांवरचं पाणी उडून तेवढाच पट्टा गडद हिरवा होतो. तो पट्टा जिथे सुरू होतो तिथे तुमचा बॉल असायला हवा, पट्टा मागे पडत असेल तर तुम्ही पुढे सरका म्हणजे बॉल तुमच्या स्टान्समध्ये, म्हणजे पायांच्या मांडणीत, मागे येईल. दोन्ही वेळा पट्टा वेगवेगळ्या जागी आला तर स्विंग फार जोरात होतोय, तो कमी करा आणि परत बघा. बॉल टॉप व्हायचं प्रमाण निम्म्याने कमी करणारी ही एकच गोष्ट आहे असं माझं ठाम मत आहे आणि तरी कोर्सवर दहातले नऊ लोक प्रॅक्टिस स्विंग हवेतच मारतात, गवताला लावतच नाहीत.

मारताना क्लबहेड उताराच्या बरोबरीने खाली खाली जाऊ द्या, बॉल उचलायला जाऊ नका. शॉट झाल्यावर तोल पुढे गेला आणि उजवा पाय पुढे टाकून एक पाऊल चालावं लागलं तर खुशाल चाला, दक्षिण आफ्रिकेचा नामवंत खेळाडू गॅरी प्लेअरचा तर शॉटनंतर तसंच चालत पुढे जाणारा फिनिश जगप्रसिद्ध आहे.

आता क्लब कुठला. उतार तुमच्या क्लबचा लॉफ्ट खातो, लॉफ्ट म्हणजे क्लबचा फेस, बॉलला लागणारी सपाट बाजू, किती मागे कललीय तो कोन. लागोपाठच्या दोन आयर्नमध्ये, म्हणजे धातूच्या नंबरी क्लबमध्ये, (नंबर मोठा तितका लॉफ्ट जास्त) साधारण चार अंशांचा फरक असतो, म्हणजे पाच अंशांच्या उतारावर तुमचा सात नंबर सहाच्या किंवा त्याहूनही कमी लॉफ्टच्या क्लबसारखा वागणार, बॉल खालून निघणार आणि पडल्यावर बराच पळणार. म्हणून आठ नंबर घ्या आणि बॉल ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या जागेच्या, अलीकडे पाडायचा विचार करा. अशा जागेवरून तीन नंबर वुड, म्हणजे लांब मारायचा कमी लॉफ्टचा क्लब, काढणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण बॉल हवेत जायला लागणारा लॉफ्टच तिथे शिल्लक राहत नाही, स्विंग कितीही चांगला असला तरी. आणि हो, वजन पुढे असल्यामुळे फेस बंद व्हायला उशीर होतो, बॉल थोडा उजवीकडे झुकतो, तेवढं डावीकडे धरून मारा.

प्रश्न: चढावर बॉल असला की मला बरं वाटतं, कारण तो हवेत छान जातो. पण दर वेळी ग्रीनच्या अलीकडेच पडतो. जोर वाढवला की डावीकडे जातो. उपाय?
– एक वाचक, पुणे

जोर वाढवू नका, क्लब वाढवा. मागच्या उत्तरातला हिशोब इथे उलटा होतो, चढ लॉफ्ट वाढवतो, सात नंबरचा आठ-नऊ होतो, बॉल उंच जातो आणि तिथेच पडतो. बऱ्यापैकी चढ असेल तर एक नाही दोन क्लब मोठे, म्हणजे कमी नंबरचे, घ्या. डावीकडे जायचं कारण असं की वजन खालच्या म्हणजे उजव्या पायावर अडकून राहतं, शरीर पुढे वळत नाही, मग हात एकटेच पुढे धावतात आणि फेस बंद करून टाकतात. जितका जोर जास्त तितकं हे जास्त होतं. खांदे चढाला समांतर, बॉल किंचित डाव्या पायाकडे, निशाण, म्हणजे नेम, थोडं उजवीकडे आणि स्विंग तीन चतुर्थांश. तोल टिकतो तेवढाच जोर, उतारावरच्या प्रत्येक शॉटला हीच मर्यादा समजा.

एक अपवाद सांगून ठेवतो. ग्रीनच्या अगदी जवळ, तीव्र चढावर छोटा चिप मारायचा असेल तर खांदे समांतर करायच्या नादात बॉल सरळ आकाशात जातो आणि पुढे सरकतच नाही. तिथे उलट चढाकडे थोडं झुकून, डाव्या पायावर वजन देऊन, बॉलला मागून ठोसा दिल्यासारखा शॉट मारलेला चांगला.

प्रश्न: नमस्कार सर. बॉल पायांपेक्षा वर असला की तो डावीकडे जातो हे ऐकून माहीत होतं. पण माझा अनुभव असा की वेजने (जवळच्या शॉटचा, जास्त लॉफ्टचा क्लब) मारला तर खूपच डावीकडे जातो आणि हायब्रिडने (लांबच्या शॉटचा, कमी लॉफ्टचा क्लब) मारला तर जवळजवळ सरळ. लांबच्या क्लबने जास्त वाकडा जायला हवा ना? उलट का होतंय?
– एक वाचक, नाशिक

हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण तुम्ही ऐकीव गोष्टीवर न थांबता स्वतःचा बॉल कुठे जातो ते बघितलंत. तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि त्यामागे साधी भूमिती आहे.

वेज हातात घ्या आणि फेसवर मध्यभागी एक काडी फेसला काटकोनात धरा, म्हणजे ती काडी बॉल कुठल्या दिशेला निघेल ते दाखवेल. क्लब सपाट ठेवलात तर काडी निशाणाच्या रेषेत वर बघते. आता क्लबचं टोक, टो म्हणतो आपण ते, वर उचला, जसं पायांपेक्षा वर असलेल्या बॉलला लावताना होतं तसं. काडी डावीकडे झुकेल. फेस जितका जास्त मागे पडलेला, म्हणजे लॉफ्ट जितका जास्त, तितकी ती जास्त झुकणार. हेच हायब्रिडला करून बघा, काडी जेमतेम हलते कारण तिचा फेस जवळजवळ उभाच असतो.

आकड्यांत सांगायचं तर ४६ अंशांचा पिचिंग वेज आणि पाच अंशांचा आडवा उतार असेल तर फेस जवळपास पाच अंश डावीकडे बघायला लागतो. १०० मीटरवर ते होतात नऊ मीटर, म्हणजे पिन (होलमधली झेंड्याची काठी) मधोमध असली तरी बॉल ग्रीनच्या काठावर किंवा बाहेर. त्याच जागेवरून २६ अंशांच्या आयर्नने फेस सव्वादोन-अडीच अंशच वळतो, म्हणजे १५० मीटरवर साडेसहा मीटरच्या आत. उतार दहा अंशांचा असेल तर वेजचं हेच अंतर १८ मीटरवर जातं. म्हणजे बघा, जवळचा शॉट, हातात वेज, आपण निर्धास्त असतो आणि नेमका तिथेच उतार सगळ्यात जास्त वाकडं करतो. माझ्याकडे शिकायला येणारे बहुतेक जण वेजला निशाण बदलतच नाहीत, लांबच्या क्लबला मात्र भरपूर बदलतात, म्हणजे गरज आहे त्याच्या बरोबर उलट.

मग उपाय दोन. एक, निशाण उजवीकडे धरा आणि ते बिचकत बिचकत नको, १०० मीटरवर आठ-नऊ मीटर म्हणजे ग्रीनच्या उजव्या काठाबाहेरचं एखादं झाड किंवा बंकरची, म्हणजे वाळूच्या खड्ड्याची, कड पक्की धरून तिकडे पूर्ण विश्वासाने मारा. दुसरा मला जास्त आवडतो, लॉफ्ट कमी करा. वेजऐवजी नऊ नंबर घ्या, ग्रिप, म्हणजे क्लबची मूठ, खाली धरा आणि छोटा स्विंग करा. ग्रिप तर खाली धरावीच लागते, कारण बॉल तुमच्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर पाच अंशांच्या उतारावर तो पायांपेक्षा पाच सेंटिमीटर वर असतो, तेवढाच क्लब आखूड केला नाही तर बॉलच्या आधी जमीन लागणार. उभं थोडं ताठ राहायचं, वजन टाचांकडे जाऊ द्यायचं नाही, आणि स्विंग आपोआप आडवा होईल तो होऊ द्यायचा.

हायब्रिड आणि वुडचा बॉलही या आडव्या स्विंगमुळे थोडा ड्रॉ होतोच, म्हणजे हवेत डावीकडे वळतोच, तेव्हा 'जवळजवळ सरळ' म्हणजे अगदी सरळ असं धरू नका.

अमेरिकेतली मास्टर्स स्पर्धा बघत असाल तर ती जिथे होते त्या ऑगस्टा नॅशनल कोर्सचा तेरावा होल याच कारणासाठी बघा. फेअरवे उजवीकडून डावीकडे उतरतो, त्यामुळे दुसऱ्या शॉटला उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल पायांपेक्षा वर, आणि ग्रीनच्या पुढे ओढा. टीव्हीवर तो उतार सपाट दिसतो, कॅमेरा उतार खाऊन टाकतो, पण खेळाडूचे पाय आणि बॉल यांच्या उंचीतला फरक नीट पाहिलात तर लक्षात येईल. २०२३ पासून टी, म्हणजे पहिला शॉट मारायची जागा, मागे नेऊन तो होल ५४५ यार्डांचा केलाय, म्हणजे त्या उतारावरून आता पूर्वीपेक्षा लांबचा क्लब मारायला लागतो. आणि फिल मिकलसन किंवा बबा वॉटसनसारख्या डावखुऱ्यांना तोच उतार अगदी उलट लागतो, त्यांचा बॉल पायांच्या खाली. एकच जागा, पण दोन खेळाडूंसाठी दोन वेगळे शॉट.

प्रश्न: मी ६१ वर्षांची आहे, दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बॉल पायांच्या खाली असला की वाकताच येत नाही, मग मी टॉप करते. सोबतच्या बायका म्हणतात अजून वाक. माझ्यासाठी काही वेगळा मार्ग आहे का?
– एक वाचक, मुंबई

ताई, अजून वाकू नका. बॉल पायांच्या खाली हा चारही उतारांमधला सगळ्यात अवघड शॉट आहे, चांगल्या तरुण खेळाडूंनाही तो नको असतो, तेव्हा जमत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका.

वाकण्याऐवजी पाय फाकवून उंची कमी करा. पाय नेहमीपेक्षा एक-दीड वीत जास्त फाकवले की शरीर आपोआप खाली येतं आणि गुडघ्यावर वाकण्याचा भार कमी पडतो. क्लब अगदी टोकाशी धरा, पूर्ण लांबी वापरा, आणि जमेल तेवढं कमरेतून पुढे झुका, पाठ गोल करू नका. एकदा ही उंची ठरली की शॉट होईपर्यंत ती बदलायची नाही, टॉप होण्याचं खरं कारण मारताना वर येणं हेच असतं. फाकवलेल्या पायांमुळे शरीर फारसं वळणार नाही, नकोच वळायला, फक्त हात आणि खांदे वापरून अर्धा स्विंग करा. बॉल उजवीकडे जाईल म्हणून डावीकडे धरा, आणि एक क्लब मोठा घ्या कारण स्विंग लहान आहे. डॉक्टरांनी गुडघ्यात वळण नको असं सांगितलं असेल तर डाव्या पायाचा चवडा निशाणाकडे थोडा जास्त उघडा ठेवा, पीळ कमी बसतो.

पावसात ओल्या उतारावर पाय घसरतोय असं किंचितही वाटलं तर तो शॉट खेळूच नका. बॉल अनप्लेएबल, म्हणजे खेळण्याजोगा नाही, असं घोषित करा, एक पेनल्टी (स्कोअरमध्ये एक जादा शॉट) घ्या, आणि दोन क्लबच्या अंतरात, होलच्या जवळ न जाता, बऱ्या जागी ड्रॉप करा. नियमाने तो तुमचा हक्क आहे, पेनल्टी एरिया (पाणी वगैरे असलेला, खुणा केलेला भाग) सोडून कोर्सवर कुठेही, आणि अनप्लेएबल आहे की नाही हे ठरवणारे फक्त तुम्ही. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून करायचा, २०१९ पासून तसाच नियम आहे. उतारावर बॉल घरंगळून त्या दोन क्लबच्या जागेबाहेर गेला तर पुन्हा एकदा ड्रॉप, आणि परत गेला तर दुसऱ्यांदा जिथे टेकला होता तिथे हाताने ठेवायचा. एक पेनल्टी आयुष्यभराच्या गुडघ्यापेक्षा खूप स्वस्त आहे, सोबतच्या बायकांनाही हे वाचायला द्या.

प्रश्न: दोन शंका. उतारावर पायाखाली दगड किंवा टॉवेल ठेवून उभं राहिलं तर चालतं का? आणि मी बॉलजवळ उभा असताना बॉल आपोआप खाली गेला तर पेनल्टी कुणाला?
– एक वाचक, पुणे

दगड नाही आणि टॉवेलही नाही. पाय जमिनीत नीट रोवायला परवानगी आहे, बुटांनी थोडी पकड घ्यायला हरकत नाही, पण उभं राहायला जागा तयार करणं म्हणजे दोन शॉट्सची पेनल्टी. टॉवेलचं तर प्रसिद्ध प्रकरणच आहे, १९८७ ला कॅलिफोर्नियातल्या टोरी पाइन्स कोर्सवर अमेरिकन खेळाडू क्रेग स्टॅडलर झाडाखालून शॉट मारताना पँट खराब होऊ नये म्हणून टॉवेल अंथरून त्यावर गुडघे टेकून खेळला, ती पेनल्टी स्कोअरकार्डवर लावली गेली नाही आणि दुसऱ्या दिवशी तो स्पर्धेतून बाद झाला. त्याचा हेतू अगदी साधा होता, तरी नियम तो नियम.

दुसऱ्या शंकेचं उत्तर, बॉल कुणामुळे हलला यावर आहे. तुम्ही काही न करता वाऱ्याने किंवा उतारामुळे गेला तर पेनल्टी नाही, जिथे जाऊन थांबला तिथून खेळा. तुमच्यामुळे हलला असेल, क्लब मागे टेकवल्याने किंवा पायाने गवत दाबल्याने, तर एक पेनल्टी आणि बॉल परत मूळ जागी. ग्रीनवर चुकून हलला तर पेनल्टी नाही, तो वेगळा नियम. म्हणून तीव्र उतारावर क्लब बॉलमागे टेकवूच नका, किंचित वर धरा, आणि प्रॅक्टिस स्विंग बॉलच्या वरच्या बाजूला उभं राहून करू नका, तिथली माती सुटली की खाली बॉलपर्यंत येते.

प्रश्न: माझ्या रेंजफाइंडरमध्ये (अंतर मोजायच्या यंत्रात) स्लोप मोड आहे. तो लावला की सगळा हिशोब होतो ना?
– एक वाचक, ठाणे

अर्धाच होतो. तो मोड तुमच्यापासून ग्रीन किती वर किंवा खाली आहे ते सांगतो. पुण्याजवळच्या ऑक्सफर्डसारख्या डोंगराळ कोर्सवर त्याचा खूप उपयोग आहे, ग्रीन दहा मीटर खाली असेल तर ढोबळमानाने तेवढंच अंतर कमी धरायचं. पण तुमच्या पायाखालची जमीन कशी कललीय हे त्या यंत्राला माहीत नसतं, आणि लॉफ्ट बदलतो तो पायाखालच्या उताराने. दोन्ही वेगवेगळे जोडा. खालच्या ग्रीनकडे मारताना तुम्ही चढावर उभे असू शकता, तेव्हा यंत्र म्हणेल क्लब कमी करा आणि पाय म्हणतील वाढवा.

स्पर्धेत हा मोड बंद ठेवा. स्थानिक नियमाने परवानगी दिली नसेल तर उंचीतला फरक मोजणं नियमाबाहेर आहे, पहिल्यांदा दोन शॉट्स, दुसऱ्यांदा थेट बाद.

प्रश्न: मी इकडे बे एरियात असतो, इथले कोर्स म्हणजे नुसते डोंगर. चार प्रकारचे उतार पुस्तकात वेगवेगळे दिलेले असतात पण प्रत्यक्षात बॉल खालच्या उतारावर आणि पायांच्या वर असं दोन्ही एकदम असतं. आधी कशाचा विचार करायचा?
– एक वाचक, कॅलिफोर्निया

आधी पुढे-मागे, मग आडवं. पुढे-मागे असलेल्या उताराने बॉल लागतो की नाही हे ठरतं, आडव्या उताराने तो कुठे जातो हे. बॉल लागलाच नाही तर दिशेला काय अर्थ? म्हणून प्रथम खांदे उताराला समांतर, बॉलची जागा गवतावरून, आणि मग ग्रिपची लांबी आणि निशाण.

दिशेचं गणित लक्षात ठेवायला सोपं आहे. चढ आणि बॉल वर, दोन्ही डावीकडे नेतात म्हणजे दुप्पट सावध. उतार आणि बॉल खाली, दोन्ही उजवीकडे, तिथे तर मी पिनकडे बघतच नाही, ग्रीनच्या अलीकडची मोकळी जागा बघतो. तुम्ही लिहिलंय तसं उतार आणि बॉल वर असेल तर दोघं एकमेकांना बरंचसं काटतात, जवळपास सरळ धरलं तरी चालतं, वेज असेल तर थोडं उजवीकडेच.

तुमच्या जवळच सॅन फ्रान्सिस्कोला ऑलिम्पिक क्लब आहे, तिथला लेक कोर्स या विषयाची शाळाच म्हणावी. पुरुषांची यूएस ओपन तिथे पाच वेळा झाली, शेवटची २०१२ ला, वेब सिम्पसन जिंकला तोसुद्धा एक ओव्हर पारवर, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या शॉट्सपेक्षा एक जास्त मारून. तिथला चौथा होल डावीकडे वळतो आणि फेअरवे मात्र उजवीकडे उतरतो, म्हणजे बॉल पायांच्या खाली येऊन उजवीकडे जायला बघतो आणि होलला हवाय ड्रॉ. पुढच्याच पाचव्या होलला सगळं उलट. त्या स्पर्धांची रेकॉर्डिंग मिळाली तर या दोन होलवर खेळाडू निशाण कुठे धरतात ते थांबवून थांबवून बघा, फार शिकायला मिळतं.

प्रश्न: बंकरच्या मागच्या उतारावर बॉल बसला तर?
– एक वाचक, नागपूर

कठीण आहे, पण खांद्यांचा नियम तोच. पाय वाळूत घट्ट रोवा, ते चालतं, क्लब मात्र बॉलच्या मागे-पुढे वाळूला लावायचा नाही. वजन डाव्या पायावर, फेस उघडा, बॉल मागे, क्लब सरळ वर उचला नाहीतर मागची कड लागेल, आणि मारल्यावर वाळूच्या उताराबरोबर खाली जाऊ द्या. बॉल खालून निघेल आणि पळेल, ग्रीनवर थांबवायचा मोह सोडा. पुढची कड उंच असेल तर बाजूला, कमी उंचीच्या दिशेला काढा.

प्रश्न: हे सगळं सरावायचं कुठे? आमच्या रेंजवर मॅटच आहेत आणि कोर्सवर एका जागेवरून दोन-दोन बॉल मारू देत नाहीत.
– एक वाचक, पुणे

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. बऱ्याच रेंजच्या कडेला किंवा चिपिंग ग्रीनच्या मागे मातीचे उंचवटे असतात, तिथे वेजने मारायला बहुतेक ठिकाणी देतात, मॅनेजरला विचारा आणि तुमच्या पुढे-बाजूला कुणी नाही ना ते बघून मगच मारा. पूर्ण शॉट नकोतच, ३०-४० मीटरचे पुरे, कारण शिकायचं आहे ते उभं राहणं.

मॅटच असेल तर एक फळी आणा. पाय ४० सेंटिमीटर फाकवले आणि एका पायाखाली साडेतीन सेंटिमीटर जाडीची सपाट, रुंद फळी ठेवली की बरोबर पाच अंशांचा उतार होतो. सराव आहे, स्पर्धा नाही, त्यामुळे वरचा टॉवेलचा नियम इथे लागत नाही. उजव्या पायाखाली ठेवली की खालचा उतार, डाव्या पायाखाली चढ. दोन्ही पायांखाली एकेक ठेवली तर बॉल पायांच्या खाली. जमीन खरी कललेली नसल्यामुळे लॉफ्टचा फरक इथे दिसणार नाही, पण खांदे कुठे ठेवायचे, तोल कुठे जातो, किती जोरात मारलं की पाय हलतात हे सगळं कळतं, आणि निम्मी अडचण तिथेच असते. सुरुवातीला बॉल न ठेवता नुसते स्विंग करा, मारून झाल्यावर तीन मोजेपर्यंत आहात तसे उभे राहता आलं तर जोर बरोबर आहे. फळीला खालून रबर लावून घ्या आणि पावसात ओली झाली असेल तर वापरू नका, मॅटवर फार घसरते.